वकिलाची निवड आणि पक्षकाराची दाद

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव आहे. या परिसरातील शेतकऱ्याचा न्यायालयाशी संबंध येतो तो बहुधा जमिनीच्या कारणाने. कुळाचा हक्क, भावकीतील वाटप, बांधावरचे अतिक्रमण, आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे हस्तांतरण, असे हे वाद असतात. तालुक्याला जावे, कोणी सुचवील त्या वकिलाच्या वकीलपत्रावर सही किंवा अंगठा करावा आणि निर्धास्त व्हावे, अशी अनेकांची रीत असते. पुढे एके दिवशी बेलीफ दारात उभा राहतो, तेव्हा दावा एकतर्फी निकालात निघाल्याचे व अपिलाची मुदतही टळल्याचे कळते. चूक वकिलाची असली तरी जमीन पक्षकाराची जाते.

म्हणून निवड करतानाच काही गोष्टी पाहणे इष्ट ठरते. काम तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांपुढे चालणारे आहे की दिवाणी न्यायालयातील, हे प्रथम समजून घ्यावे आणि त्या कामाचा अनुभव असलेला वकील पाहावा. न्यायालयाच्या फाटकाशीच गाठून काम मिळवू पाहणाऱ्यांपासून दूर राहणे बरे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत पक्षकारांना असे ओढून नेणाऱ्या काही वकिलांविरुद्ध महाराष्ट्र बार कौन्सिलने कारवाई केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व अशी ओढाताण हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे त्या न्यायालयाने 1975 मध्ये स्पष्ट केले.

फीचा आकडा आरंभीच ठरवून दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. ‘दावा जिंकला तर निम्मी जमीन माझी’ किंवा ‘मोबदल्यातील इतका हिस्सा माझा’ असा करार वकिलास करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी तो निषिद्ध आहे. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये मोफत वकील मिळण्याची सोय असून अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. स्त्रिया, तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी बांधवांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे.

कागदपत्रांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. आता प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकी क्रमांक मिळतो. त्यावरून पुढील तारीख भ्रमणध्वनीवर पाहता येते आणि घरात शाळेत जाणारे मूल असले तर ते काम त्याचे. आवणीच्या दिवसांत तारखेला जाणे म्हणजे मजुरी बुडवणे, हे खरे. परंतु पुकारा झाला तेव्हा वकील हजर होते की नाही, हे न्यायालयाचा रोजनामा पाहूनही कळते. वकील बदलायचा झाल्यास ‘आधी बाकी फी द्या, मग कागद नेा’ असे म्हणून मूळ कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलास नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 चा निर्णय आहे.

इतकी काळजी घेऊनही नुकसान झालेच तर पहिली धाव वकिलाविरुद्ध नव्हे, दावा वाचविण्यासाठी असावी. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जास 30 दिवसांची मुदत असते. जिल्हा न्यायालयातील अपिलासही तेवढीच. विलंबास सबळ कारण दाखविल्यास तो माफ होऊ शकतो. वकील गैरहजर राहिल्याने निकालात काढलेले एका पक्षकाराचे अपील सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये पुन्हा सुनावणीस घेतले. खेड्यातील माणसाने वकील नेमून फी भरली की त्याचे कर्तव्य झाले, अशी त्यामागील भूमिका होती. मात्र ही सवलत हक्क म्हणून मिळत नाही. पक्षकार स्वतःच वर्षानुवर्षे बेफिकीर राहिला असेल तर न्यायालय ती नाकारू शकते.

वकिलाविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. पहिला बार कौन्सिलचा. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ स्थगित करू शकते किंवा नावच यादीतून काढू शकते. परंतु सल्ला चुकला किंवा दावा हरला, एवढ्याने गैरवर्तन सिद्ध होत नाही. पुण्यातील वकिलांच्या एका प्रकरणात 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैतिक दोष नसलेली केवळ निष्काळजी आणि गैरवर्तन यांत भेद केला. मद्रासकडील एका प्रकरणात मात्र वृद्ध, बहिऱ्या पक्षकाराला व त्याच्या पत्नीला खोटी आश्वासने देत वकिलाने मुदत घालविली होती. तेथे 1978 च्या निकालात शिक्षा कायम राहून पीडितांना रक्कम देण्याचाही आदेश झाला. भरपाईचा असा आदेश अपवादात्मकच म्हणावा लागेल.

भरपाईचा खरा मार्ग दिवाणी दाव्याचा. विधी व्यवसायी (फी) अधिनियम, 1926 अन्वये केवळ वकील असल्याच्या कारणाने कोणी आपल्या हलगर्जीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. मात्र वकील नेमला होता, त्याने हयगय केली आणि ती नसती तर हक्क टिकला असता, हे तिन्ही पक्षकाराला सिद्ध करावे लागते. यांतील तिसरे सर्वांत अवघड. कारण मूळ दावाच कमकुवत असेल तर वकिलाच्या चुकीने गेले ते काय, असा प्रश्न उभा राहतो. पावत्या आणि प्रती येथेच उपयोगी पडतात. ग्राहक आयोगाचा मार्ग आता बंद आहे. वकिलाची सेवा ही ‘वैयक्तिक सेवेचा करार’ असल्याने ती ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला.

बार कौन्सिलकडील तक्रार सही व सत्यापनासह लेखी द्यावी लागते. राज्य बार कौन्सिलने ती एका वर्षात निकालात काढली नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. राज्य समितीच्या आदेशाने समाधान न झाल्यास आदेश कळल्यापासून 60 दिवसांत तेथे अपील करता येते आणि त्यापुढचे अपील सर्वोच्च न्यायालयात चालते.