मालाचा खोळंबा आणि मालाचा विसावा

शेतमालाची किंमत वाहतुकीमुळे वाढते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः हा खर्च केवळ धावत्या वाहनाचा नसतो. वाटेत खोळंबलेल्या वाहनाचाही असतो. मालमोटार उभी राहिली तरी चालकाचा भत्ता चालूच राहतो, मालात गुंतलेल्या पैशावर व्याज चढते आणि नाशवंत माल सडू लागतो. म्हणूनच पुरवठा-व्यवस्थेची सुधारणा म्हणजे प्रथमतः हा नाहक खोळंबा दूर करणे होय.

खोळंब्यावर उपाय

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. मुंबईचे जकात नाके त्याच दिवशी बंद झाले आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे तपासणी नाकेही पाठोपाठ उठले. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा करण्यात आला व पथकर नाक्यावरील रांगा आखूड झाल्या. उतारू गाड्यांना वाट देण्यासाठी मालगाड्यांना तासन् तास थांबावे लागे. त्यावर उपाय म्हणून केवळ मालगाड्यांसाठी दोन मार्ग आखण्यात आले : लुधियाना ते सोननगर हा १,३३७ किलोमीटरचा आणि दादरी ते न्हावा-शेवा हा १,५०६ किलोमीटरचा. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. जागतिक बँकेच्या या क्षेत्रातील क्रमवारीत २०१८ साली ४४ वा असलेला भारत २०२३ साली ३८ वा आला.

विसाव्याची सोय

परंतु प्रत्येक थांबा हानिकारक नसतो. सुगीत सर्वांचा माल एकदमच बाजारात येतो आणि भाव कोसळतात. अशा वेळी माल राखून ठेवण्याची सोय हाच शेतकऱ्याचा आधार ठरतो. राज्य वखार महामंडळ १९५७ पासून हे कार्य करीत आहे. वखार पावती तारण ठेवून कर्ज घेता येते. कृषि पणन मंडळाच्या १९९०-९१ मध्ये सुरू झालेल्या शेतमाल तारण योजनेत तूर, सोयाबीन यांसारख्या पिकांवर मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद आहे. घरची निकड भागते आणि माल पडत्या भावात विकावा लागत नाही. खालून हवा खेळती ठेवणारी कांदाचाळही याच तत्त्वावर उभी आहे. मात्र पुढे भाव वाढेलच, अशी हमी नसते. वखारीचे भाडे, कर्जाचे व्याज आणि मालाची घट यांचा हिशेब आधी मांडणे अगत्याचे आहे.

गावाचा वाटा

महामार्ग कितीही रुंद झाला, तरी पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर बैलगाडी रुतली तर माल शेतातच अडतो. पाणंद दुरुस्त करणे, धान्य वाळविण्यासाठी खळे बांधणे, विश्वसनीय वजनकाट्याची सोय करणे आणि ओल्या मालाला बुरशी लागते हे समजावून सांगणे ही कामे ग्रामपंचायत, सहकारी संस्था व शिक्षक यांच्या आवाक्यातील आहेत. देशाच्या पुरवठा-साखळीची पहिली कडी गावातच आहे. ती भक्कम झाली, तरच पुढील कड्यांवरील खर्च सार्थकी लागेल.