मायग्रेशन कुठं आहे?

एका मोठ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळाची मांडणी नव्यानं करायचं काम माझ्याकडं होतं. मी विभागप्रमुखांना भेटलो आणि दारांवरच्या पाट्यांवरची नावं जशीच्या तशी मेनूत बसवली. बैठकीत प्रत्येकाला आपला विभाग सापडला, मंजुरी मिळाली. एकाही विद्यार्थ्याला मी विचारलं नव्हतं.

चूक कळली ती चोपड्यात, माझ्या गावी. मावसभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एक मुलगी आली होती. पदवी आमच्या विद्यापीठाची. आता जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश, म्हणून मायग्रेशन हवं होतं. दादानं ‘विद्यार्थी’ उघडलं. वसतिगृह, शिष्यवृत्ती, एनएसएस. मग ‘प्रवेश’, मग ‘प्रशासन’. अर्ज होता ‘परीक्षा व मूल्यमापन मंडळ’ या नावाखाली, तिसऱ्या पायरीवर, ‘स्थलांतर प्रमाणपत्र’ म्हणून. मंडळाचं ते नाव २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातलं. मुलं अजून ‘परीक्षा विभाग’च म्हणतात. आणि स्थलांतर प्रमाणपत्र तर कुणीच म्हणत नाही.

“काय शे हे, भाऊ? पहिले लगेच निघायचं,” दादा म्हणाला. वहीत उतरवून ठेवलेला जुना पत्ता त्यानं टाकला. पान सापडत नाही, असं उत्तर आलं. जुनी पानं हलवताना जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी सोय आम्ही केलीच नव्हती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की पानाचे पत्ते बदलू नयेत. मी ते वाचलेलं होतं.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावचं विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खानदेशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. कागदासाठी पुण्याकडं डोळे लावून बसायचं म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या मोठ्यांनी सोसलंय. तेवढंच अंतर मी एका मेनूनं पुन्हा उभं केलं होतं.

असं काम हाती येईल त्यांनी आधी शोधचौकटीत लोक काय टाइप करतात ते काढून बघा. निकाल, हॉल तिकीट, मायग्रेशन, फोटोकॉपी: मेनूतले शब्द तिथूनच घ्या. शासकीय नाव हवंच असेल तर शेजारी लिहा. मग प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या विद्यार्थ्यांपुढं ठेवा आणि ढीग त्यांना लावू द्या. माझ्या अनुभवात त्यांचे ढीग खात्यांशी क्वचितच जुळतात. ठरलेला मेनू नुसता कागदावर लिहून विचारा, “मायग्रेशन कुठं शोधशील?” दहाजणांत सहा चुकले तर तो कागद फाडणं स्वस्त पडतं. हे सगळं साध्या फोनवर, गावातल्या नेटवर तपासा. आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराला विसरू नका. तो रोज चार विद्यापीठांची स्थळं उघडतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. विभागप्रमुख नाराज होतील तेव्हा मला तोच आधार वाटतो.

नंतर आम्ही मेनू बदलला. दादाच्या वहीतला जुना पत्ताही आता चालतो. ती मुलगी मात्र त्या दिवशी अर्ज न भरताच पाचच्या बसनं परत गेली होती.