सोयाबीनला बोल लावू नकोस

कनेरगाव नाका, ता. जि. हिंगोली

चि. गणेश,

काल अक्काचा फोन आला. आधी पावसापाण्याचं बोलली, मग रडायलाच लागली. तुझ्या रिपोर्टमधलं 'शुक्राणू कमी' एवढंच तिला कळलंय. मी रिपोर्टला भ्यालो नाही. जिमवाल्याच्या सांगण्यावरून तू कसलं तरी इंजेक्शन घेतोस, हे ऐकून मात्र माझी झोप उडाली. खरं का रे? खरं असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना फोन कर.

अंग भरायला म्हणून देतात त्यात बहुधा टेस्टोस्टेरॉन नाहीतर त्याच जातीचं औषध असतं. ते बाहेरून मिळायला लागलं की मेंदू अंडकोषांना काम करायचा निरोप धाडणंच थांबवतो. दंड फुगतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकांचं पुन्हा सुरळीत होतं, पण त्यात महिनोन्‌महिने जातात. लेकरू पाहिजे म्हणतोस आणि लेकरू होऊ न देणारं औषध टोचून घेतोस! एवढा शिकलास, कुणाला विचारावं तरी वाटलं नाही?

आणि सोयाबीनच्या वड्या घरातून हद्दपार केल्यास म्हणे, त्यानं पुरुषपण जातं म्हणून. अरे, नाक्यापासून हिंगोलीकडे जा की वाशीमकडे, पावसाळ्यात दोन्ही अंगाला तेच पीक उभं असतं. तुझी कॉलेजची फी त्याच्यावरच भरली. त्यात स्त्रीसंप्रेरकासारखी द्रव्यं असतात हे खरं, पण पुरुषांवर झालेले अभ्यास 2010 साली आणि पुन्हा 2021 साली एकत्र करून तपासले, तेव्हा सोयाबीन खाल्ल्यानं टेस्टोस्टेरॉन घटल्याचं दिसलं नाही. वाटीभर भाजी खुशाल खा. सोडायचाच तर खर्रा सोड. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, पण तुझ्या खिशातली पुडी काही गेली नाही. तंबाखूनं शुक्राणूंचं नुकसान होतं, दारूच्या अतिरेकानंही होतं.

ताकदीच्या डब्यांवर पैसे घालू नकोस. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त पुरुषांवर जस्त आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांची चाचणी झाली. सहा महिने गोळ्या घेऊनही ना शुक्राणू सुधारले, ना पाळणे जास्त हलले. 2020 साली ते छापून आलं. उलट स्पेनमध्ये तरुणांना 14 आठवडे रोज 60 ग्रॅम बदाम, अक्रोड, हेझलनट खायला दिले, तर शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही वाढली. ते तरुण मुळात निरोगी होते, म्हणून मी त्याला औषध म्हणणार नाही. पण रात्री अकराला बाहेरून मागवलेलं तळलेलं खाण्यापेक्षा भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, एखादं अंडं हे कधीही बरं. वजनही उतरव, त्याचाही संबंध आहे.

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-पंच्याहत्तर दिवस लागतात. म्हणजे आजच्या खाण्याचा, आज सोडलेल्या खर्र्याचा हिशेब तीन महिन्यांनी दिसणार. मध्यंतरी तुला सणकून ताप आला होता, त्यानंही आकडा पडतो. एका रिपोर्टवर स्वतःला निकालात काढू नकोस. आणि अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर ते भाकरीनं बरं होत नाही, त्याला डॉक्टरच पाहिजे. त्यांच्यापुढे इंजेक्शनचं लपवू नकोस, एवढं माझं ऐक.

मामीचं तुला ठाऊक आहे. लेकरासाठी औंढ्याला सोमवार धरले, सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या, बायाबापड्यांचे टोमणे तिनंच खाल्ले. मूल नसलेल्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही काही कमी असतं, हे आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. मला कुणी तपासायला सांगितलं नाही, आणि मीही उठून गेलो नाही. ती एका शब्दानं कधी बोलली नाही, तेच फार लागतं. तू निदान तपासायला गेलास. याचा मला किती अभिमान वाटला ते अक्काला सांगितलं, तुलाही सांगतो. पुढच्या वेळी सूनबाईला सोबत घेऊन जा आणि डॉक्टर काय म्हणतात ते दोघांनी ऐका.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर 2018 साली 'परभणी शक्ती' ज्वारी काढली, लोह आणि जस्त जास्त असलेली. यंदा बांधाकडच्या पट्ट्यात तीच घेतली. ती खाऊन लेकरू होतं असं मी म्हणत नाही, भाकरी मात्र गोड लागते. पायलीभर पीठ आणि मामीनं कांडलेली जवसाची चटणी एसटीनं पाठवतोय. डबा फुटला तर चटणी पिठात मिसळेल, म्हणून मामीनं दोनदा बांधलाय.

तपासणीचा खर्च अंगावर येत असेल तर लाजू नकोस, हळदीचे पैसे आलेत. अक्काला मी समजावलंय, ती आता तुला खोदून विचारणार नाही. सुट्टी मिळाली की दोघं या. कुणी काही विचारणार नाही, मी बसस्टँडवर येतो घ्यायला.

तुझा,
मामा