पुरेशी झोंप, तरीहि थकवा

आषाढी वारीच्या वाटेवर श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुते येथें मुक्कामास असते. दिवसभर चाललेला वारकरी रात्रीं निजतो व पहांटे ताजा होऊन पुढें निघतो. श्रमानें आलेला थकवा निद्रेनें जातो. परंतु नऊ तास निजूनहि एखादी मुलगी वर्गांत पेंगते, जिना चढतांना तिला धाप लागते. अशा वेळीं तिला आळशी म्हणण्यापूर्वीं कारण शोधावें.

कधीं दोष झोंपेंतच असतो. निजण्याची वेळ रोज बदलणें, अंथरुणांत मोबाईल पाहणें, घोरतांना श्वास अडणें, यांमुळें तास भरतात, पण विश्रांति मिळत नाहीं.

पुष्कळदां मात्र दोष रक्ताचा असतो. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन हें द्रव्य फुप्फुसांतील प्राणवायु सर्व शरीरास पोंचवितें. तें घडण्यास लोह लागतें. लोह कमी पडलें म्हणजे स्नायु व मेंदु यांस प्राणवायु अपुरा मिळतो. ही उणीव निद्रेनें भरून येत नाहीं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकीं सुमारें 59 टक्के व मुलांपैकीं 31 टक्के रक्तक्षयी आढळलीं. वाढतें वय व मासिक रक्तस्राव यांमुळें मुलींस लोह अधिक लागतें.

सर्वच रक्तक्षय लोहाच्या अभावानें होत नाहीं. 1928 सालीं डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या व गिरणींत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करूं लागल्या. दोष आहारांत आहे असें त्यांस दिसून आलें. यीस्टच्या अर्कानें रोगी बऱ्या झाल्या, हें त्यांनीं 1931 त प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य तेंच फोलिक आम्ल होय. 1941 सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास हें नांव मिळालें.

उपाय घरचाच आहे. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा व पालेभाजी नित्य खावी. वर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अंगीं अधिक लागतें. चहानें तें कमी लागतें. म्हणून जेवणाबरोबर चहा घेऊं नये. शाळेंत मिळणारी साप्ताहिक लोहाची गोळी टाकून देऊं नये.

इतकें करूनहि थकवा राहिल्यास आईबापांनीं मुलास सरकारी दवाखान्यांत नेऊन रक्त तपासावें. थायरॉईड ग्रंथीचा विकार, मधुमेह किंवा मनाची खिन्नता हींहि कारणें असूं शकतात. रागावण्यानें मूल गप्प बसेल, पण त्याचें रक्त वाढणार नाहीं.