जुन्या गाडीचा पावसाळा

मुंबईच्या रस्त्यांवर एके काळी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रांगा दिसत. त्यांतील बहुतेक गाड्या एकाच प्रकारच्या होत्या. ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ही गाडी तयार होऊ लागली. तेव्हा तिचे नाव फियाट होते. पद्मिनी हे नाव तिला नंतर मिळाले; पण लोक तिला अखेरपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. २००० सालाच्या सुमारास ही गाडी तयार होणे थांबले. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली.

आता ज्या फियाट उरल्या आहेत, त्या लोकांनी हौसेने जपलेल्या आहेत. प्रत्येकाजवळ गॅरेज असतेच असे नाही. कोणाची गाडी चाळीच्या अंगणात उभी असते, तर कोणाची भिंतीच्या कडेला. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. अशा पावसात उघड्यावरची गाडी कशी टिकवायची?

तुम्हांला वाटेल, पाऊस हाच गाडीचा शत्रू आहे. पण ते पूर्ण खरे नाही. रंग चांगला असेल तर पावसाचे पाणी पत्र्यावरून ओघळून जाते. खरा शत्रू आहे रेंगाळणारा ओलावा. लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळाले, की त्यावर गंज चढतो. 'जंग' हा तुमच्या ओळखीचा शब्दही मराठीत आहे. समुद्राच्या वाऱ्यातील मिठामुळे हा गंज अधिक वेगाने वाढतो.

दाराच्या तळाशी, पायाखालच्या मॅटखाली आणि काचेच्या रबराखाली पाणी साचून राहते. तेथे पत्रा आतून सडतो. बाहेरून मात्र गाडी छान दिसते! फियाटला वेगळी लोखंडी चौकट नसते. पत्रे जोडून केलेले अंग हाच तिचा सांगाडा असतो. म्हणून तिचा तळ सडला, तर गाडीचा कणाच मोडतो.

पुष्कळ लोक गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधतात आणि निश्चिंत होतात. येथेच घोटाळा होतो. जमिनीतून वर येणारी वाफ ताडपत्रीखाली कोंडते. तिचे थेंब होऊन ते पत्र्यावर बसतात. गाडी झाकलेली असूनही रोज भिजत राहते. म्हणून एक नियम लक्षात ठेवा : पाणी अडवा, पण वारा अडवू नका.

वारा खेळू देणारे आणि पाणी न झिरपणारे कापडी आच्छादन सर्वांत चांगले. ते मिळाले नाही, तर बांबूंचा लहानसा मांडव घाला आणि ताडपत्री त्यावर बांधा. ती गाडीला टेकू देऊ नका. मांडवाच्या बाजू मोकळ्या ठेवा.

जागाही विचार करून निवडा. माती किंवा गवत ओल धरून ठेवते. म्हणून गाडी फरशीवर किंवा सिमेंटच्या जमिनीवर उभी करा. झाडाखाली सावली मिळते, पण चीक आणि पक्ष्यांची विष्ठा यांनी रंग खराब होतो. नारळाच्या झाडाखाली तर गाडी मुळीच ठेवू नका. एक नारळ पडला तरी टप फुटायला पुरे!

आच्छादन घालण्यापूर्वी गाडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा. धूळ तशीच राहिली, तर कापडाखाली ती घासली जाते व रंगावर ओरखडे पडतात. दारांच्या खालच्या कडेला बारीक छिद्रे असतात. आतील पाणी त्यांतून बाहेर पडते. त्यांतील चिखल बारीक काडीने काढा. पावसाने उघडीप दिली, की आच्छादन काढा, दारे उघडा, मॅट उन्हात वाळवा.

गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओलाव्याने ब्रेक आतून चिकटतात. त्याऐवजी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना विटा लावाव्यात. पंधरा दिवसांतून एकदा मोठ्या माणसांनी गाडी थोडी फिरवून आणावी. दोन मिनिटे इंजिन चालू करून लगेच बंद केले, तर धुराच्या नळीत पाणी साचते आणि नळी गंजते. आच्छादन असताना इंजिन कधीही चालू करू नये. त्याचा धूर विषारी असतो.

गंजाचा लहानसा ठिपका दिसला, तर तो लगेच घासून काढावा. चकचकीत पत्रा दिसू लागला, की त्यावर प्राइमर आणि मग रंग लावावा. आज जे काम एका डब्यात भागते, त्याला पुढच्या वर्षी नवा पत्रा लागतो.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. मूळ रूप टिकवायला मोठे गॅरेज असलेच पाहिजे असे नाही. थोडे लक्ष आणि रोजची निगा हवी. कारखान्यातून आता नवी फियाट येणार नाही. जी आहे तीच सांभाळायची आहे.

शब्दार्थ
रेंगाळणे – बराच वेळ थांबून राहणे
आच्छादन – झाकण्याचे कापड
मांडव – खांबांवर घातलेले छप्पर
उघडीप – पाऊस थांबून आभाळ मोकळे होणे
निगा – काळजी, देखभाल

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फियाट गाडी कोठे तयार होत असे?
(आ) गंज केव्हा चढतो?
२. कारणे द्या.
(अ) गाडीवर ताडपत्री घट्ट बांधू नये.
(आ) गाडी गवतावर उभी करू नये.
३. करून पहा : दोन खिळे पाण्यात भिजवा. एक पुसून वाऱ्यावर ठेवा. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवा. आठ दिवसांनी काय दिसले, ते वर्गात सांगा.