नवी सही करण्याआधी

जपानी चित्रकार होकुसाईने आयुष्यात तीसेक नावं घेतली. १८३१च्या सुमारास छापलेल्या त्याच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रावरच्या सहीचा अर्थ असा: पूर्वीचा होकुसाई, आताचा इइत्सु. नाव बदललं, पण जुन्या गिऱ्हाइकाचं बोट सोडलं नाही. तुम्हीही नाव, सही, बोधचिन्ह बदलायला निघाला असाल, तर एवढं पाहा.

काय करावे

• गेल्या पाच वर्षांतली वीसेक कामं जमिनीवर मांडा. सगळ्यांत सारखं जे दिसेल, एखादा रंग किंवा रेषेचा झोक, त्यावरच नवी ओळख बेता. कामच बदललं नसेल, तर ही नुसती पाटी रंगवायची हौस आहे.

• सही पोस्टाच्या तिकिटाएवढी, एकाच रंगात छापून पाहा. रबरी शिक्काही उमटवा. जोडाक्षरांतल्या फटी शाईने बुजतात, हे स्क्रीनवर कळत नाही.

• फॉन्ट घेताना 'ल' आणि 'श' आधी टाइप करा. मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' बऱ्याच फॉन्टमध्ये आपसूक येत नाही. नाव 'शलाका' असेल, तर पहिली दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची उमटतील.

• वर्षभर कार्डावर, निमंत्रणावर जुनं आणि नवं नाव जोडीने छापा.

• बोधचिन्ह दुसऱ्याकडून करून घेतलंत, तर हक्क लेखी घ्या आणि मुदत नोंदवा. भारतीय कॉपीराइट कायद्यात मुदत न लिहिलेलं हस्तांतर ५ वर्षांचंच धरतात. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरतंच.

काय टाळावे

• जुन्या चित्रांवर नवी सही करू नका. साल आणि सही जुळली नाही, की खरं चित्रही संशयात सापडतं. कोणती सही कोणत्या तारखेपर्यंत केली, हे वहीत नोंदवून ठेवा.

• प्रदर्शन तोंडावर असताना बदल नको. मी तो केला होता. कॅटलॉगवर एक नाव, भिंतीवरच्या पट्टीवर दुसरं, लोक विचारत होते, "दोघांचं प्रदर्शन आहे का?"

• जुनं संकेतस्थळ एकदम बंद करू नका, नव्याकडे वळवा. इन्स्टाग्रामवरचं जुनं नाव मोकळं सोडलंत, तर दुसरा कुणी उचलेल.

• बिलावर नुसतं टोपणनाव लिहू नका. चेक त्याच नावाने आला, तर बँकेत अडकेल.

• चित्रकार रझांचा बिंदू आवडला म्हणून कार्डावर काळं वर्तुळ छापू नका. कितीतरी वर्षं निसर्गचित्रं रंगवल्यावर ते त्या बिंदूपाशी आले होते. तुमचा बिंदू जमिनीवर मांडलेल्या त्या वीस कामांतच शोधा.