ऑफिसचं सॉफ्टवेअर : फुकट किती, विकत किती?

परभणीत मुख्य कार्यालय आणि जिंतूर, सेलू, पालमला शाखा अशी एक पतसंस्था धरून चालू. मार्चएंडला थकबाकीची यादी व्हॉट्सॲपवर फिरते: आधी ‘फायनल’, मग ‘फायनल नवी’, मग ‘फायनल नवी २’. सेलूच्या वसुली अधिकाऱ्याकडे पहिली यादी, मॅनेजरकडे तिसरी. ज्यानं सोमवारी हप्ता भरला, त्याच्याच दारात मंगळवारी वसुलीची माणसं! असे घोळ टाळायला गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, चेन्नईच्या झोहोचं वर्कप्लेस अशी सॉफ्टवेअर विकली जातात. घ्यायच्या आधी हा हिशेब पाहा.

काम काय करतं?
यादी एकच राहते, इंटरनेटवर. जो तो आपल्या मोबाइलवरून तीच उघडतो. पालमला आकडा बदलला की परभणीत लगेच दिसतो. कुणी आणि कधी बदलला, याचीही नोंद राहते. नेट गेलं तरी ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवली असेल तर काम थांबत नाही. नेट आलं की बदल वर चढतात. टायपिंगची अडचण असलेल्यांना मराठीत बोलूनही लिहिता येतं.

फुकटात किती भागतं?
साध्या जीमेल खात्यावर १५ जीबी जागा मिळते, पण मेल, फाइली आणि फोटो सगळं त्यातच. मोबाइलमधले लग्नाचे फोटो तिथं साठले की जागा संपते आणि नवे मेल येणं बंद होतं. तीन किंवा जास्त जणांची मीटिंग गूगल मीटवर ६० मिनिटं आणि झूमवर ४० मिनिटं फुकट चालते. दोन्हीकडे १०० जणांपर्यंत. शाखांचा रोजचा आढावा एवढ्यात उरकतो. पाच-सहा माणसांच्या ऑफिसला बहुतेक वेळा हेच पुरतं.

पैसे कसे लागतात?
दर माणशी, दरमहा. वर १८ टक्के जीएसटी. हिशेबापुरता २०० रुपये दर धरू. खरा दर योजनेनुसार बदलतो, तो कंपनीच्या साइटवर पाहून घ्या.

- २५ जणांसाठी : वर्षाला ६०,००० + जीएसटी १०,८०० = ७०,८०० रुपये
- ८ जणांसाठी : वर्षाला १९,२०० + जीएसटी ३,४५६ = २२,६५६ रुपये

विक्रेता पंचवीसचा आकडा सांगेल. पण पिग्मी एजंट, शिपाई, ड्रायव्हर यांना रोज यादीत लिहायचं असतं का? त्यांना व्हॉट्सॲप पुरे. रोज आकडे भरतात किंवा तपासतात, तेवढ्यांचीच खाती घ्या. वर्षाचा करार स्वस्त पडतो, पण मध्येच माणसं कमी झाली तरी पैसे कमी होत नाहीत. संस्थेच्या नावाचा मेल हवा असेल तर डोमेनचं वार्षिक भाडं वेगळं. जीएसटीची वजावट मिळेल का, ते सीएला विचारा.

बिलात न दिसणारा खर्च
यादी कारकुनाच्या स्वतःच्या जीमेलवर असेल तर तो नोकरी सोडताना ती त्याच्याच खात्यात राहते. विकतच्या योजनेत ॲडमिन ती दुसऱ्याच्या नावावर करू शकतो. पैसे मोजायचं सगळ्यात सबळ कारण हेच. ॲडमिनचा पासवर्ड मात्र सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याकडे नको. तो संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याकडेच असावा.

दुसरी गोष्ट लिंकची. ‘लिंक असणाऱ्या कुणालाही’ ही परवानगी दिली की ती लिंक जाईल तिथे सभासदांचे आधार-पॅनही जातात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. जबाबदारी संस्थेवर येते. परवानगी नावानिशीच द्या.

सुरुवात कशी करावी?
मार्चमध्ये नवं काही सुरू करू नका, जूनमध्ये करा. एकच यादी, एकच शाखा, एक महिना आणि तोही फुकटच्या खात्यावर. व्हॉट्सॲपवर फाइल टाकायची नाही, हा नियम मॅनेजरनं आधी स्वतः पाळायचा. महिन्याअखेरीसही लोक ‘फाइल पाठवा’ म्हणत असतील, तर सॉफ्टवेअर विकत घेऊन उपयोग नाही. आधी सवय लावा, मग पैसे भरा.